प्लॉट आहे, पट्टा यायचाय

१३ डिसेंबर २००५. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ही तारीख शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही पाठ असते. त्या दिवशी इथे काहीच घडलं नव्हतं. घडलं ते दिल्लीत. आदिवासींच्या वनहक्काचं विधेयक त्या दिवशी लोकसभेत मांडलं गेलं. मूळ मसुद्यातली रेषा २५ ऑक्टोबर १९८० ची होती, म्हणजे त्याआधीपासून जंगलजमीन कसत असाल तरच हक्क. पुढे खासदारांच्या संयुक्त समितीने ही रेषा पंचवीस वर्षं पुढे आणली आणि विधेयक मांडल्याच्या दिवसावर ठेवली. तेव्हापासून इथल्या हजारो कुटुंबांना एकच प्रश्न विचारला जातो: त्या दिवशी तुम्ही त्या जमिनीवर होता, याला पुरावा काय?

न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही अशीच एक तारीख सगळ्यांच्या तोंडी असते. तिला ते ‘प्रायोरिटी डेट’ म्हणतात. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा, असा तिथला नियम आहे. भारतातून अर्ज करणारे एवढे की रांग वर्षानुवर्षं हलत नाही. तोवर माणूस एच-१बी या तात्पुरत्या परवान्यावर काम करतो. तो परवाना एरवी सहा वर्षांचा. पण ग्रीन कार्डाचा अर्ज पुरेसा पुढे गेलेला असेल तर २००० सालच्या एका कायद्यामुळे तो वाढवून मिळतो. घर घ्यावं का, नोकरी बदलावी का, आईच्या आजारपणात भारतात आलो आणि परत जाताना अडकलो तर काय, हे सगळे हिशेब त्या तारखेशी बांधलेले असतात. तरी त्यांच्यासाठी दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ निघतं. रांग कुठवर आली ते त्यात छापलेलं असतं. मोखाड्यातल्या दावेदाराला असं कुठलं पत्रक मिळत नाही. त्याला तहसीलवर जाऊन विचारावं लागतं, आणि तिथे कळतं की फाईल प्रांताकडे गेली.

दुसरा फरक मोठा आहे. तिकडचा इंजिनिअर परक्या देशात पाऊल ठेवतानाच परवान्याच्या अटी वाचून गेलेला असतो. इकडे माणूस जागचा हलला नाही. कायदाच नंतर आला आणि त्याला म्हणाला, तू इथे तात्पुरता.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं संस्थान. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. मोखाडा मात्र इंग्रजी मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा. डोंगर एकच, माणसं तीच, पण दप्तरं दोन ठिकाणी. इंग्रजांनी १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव आणि संरक्षित वनं आखायला घेतली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की सरकारला ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. राब भाजायला पाला तोडायचा की नाही, जळाऊ लाकूड कुणाचं, गुरं कुठे चारायची, हे त्या वेळचे वाद. म्हणजे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

मग आली एकसाली. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात आणि त्यानंतरही ठाणे जिल्ह्यात जंगलखात्याने काही जमिनी एकेका वर्षाच्या बोलीवर कसायला दिल्या. नावातच सगळं आलं: एक साल. पुढच्या साली पुन्हा विचारायचं, पुन्हा मिळाली तर कसायची. बोली वर्षाची असली तरी नांगर काही वर्षाने थांबत नाही. बापाने दगड वेचून बांध घातला, मुलाने तो वाढवला, आणि कागदावर दोघेही एका सालाचेच पाहुणे. पाड्यावर आजही अशा जमिनीला ‘प्लॉट’च म्हणतात. ‘आमचा प्लॉट त्या टेपावर आहे,’ म्हणणारा माणूस बिल्डरकडे गेलेला नसतो.

ज्यांना एकसालीही मिळाली नाही त्यांनी तशीच जमीन फोडली, आणि सरकारी भाषेत ते अतिक्रमणदार झाले. कूळकायद्याचा त्यांना उपयोग नव्हता. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने सावकार-जमीनदारांच्या जमिनींवरची कुळं मालक झाली. ठाणे जिल्ह्यात त्यामागे १९४५ पासूनचा वारल्यांचा लढा होता. पण जिथे जमीनदार म्हणजे खुद्द जंगलखातं, तिथे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कुंपणाबाहेरच राहिली. महाराष्ट्र सरकारने १९७८ आणि १९७९ मध्ये ठराव करून ३१ मार्च १९७८ पर्यंतची जुनी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. अंमलबजावणी सुरू होते न होते तोच १९८० चा केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला, आणि जंगलजमिनीबद्दलचा निर्णय राज्याच्या हातून दिल्लीकडे गेला. डहाणू-जव्हार भागात काम करणाऱ्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल १९९५ चा. नऊ वर्षं, फक्त दावे नीट तपासले जावेत यासाठी. त्यानंतर मे २००२ मध्ये केंद्राच्या वनमंत्रालयाने देशभरातली अतिक्रमणं त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर काढा असं पत्रक काढलं, आणि त्याविरुद्ध उठलेल्या ओरडीतून अखेर २००६ चा वनहक्क कायदा आला. ३१ डिसेंबर २००७ ला तो लागू झाला, नियम १ जानेवारी २००८ चे.

या कायद्यातला माझ्या मते सगळ्यात धीट भाग म्हणजे सुरुवात कुठून करायची हे त्याने बदललं. अर्ज साहेबाकडे जात नाही, ग्रामसभेकडे जातो. ग्रामसभा आपल्यातूनच दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. ती जागेवर जाऊन पाहते, नकाशा करते, आणि ग्रामसभा ठराव करते. तिथून दावा उपविभागीय समितीकडे, म्हणजे जव्हारला प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. वरच्या दोन्ही समित्यांत महसूल, वन आणि आदिवासी विकास खात्याचे अधिकारी असतात, शिवाय पंचायतीचे तीन सदस्य. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम, असं मूळ कायदा म्हणतो. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ही शेवटची समिती ठाण्याहून पालघरला आली. जव्हारहून पालघर सत्तरेक किलोमीटर, मोखाड्याहून शंभरेक. ठाण्यापेक्षा बरं, एवढंच.

दाव्याचा नमुना ‘अ’ जवळून पाहण्यासारखा आहे. अर्जदाराचं नाव, मग लगेच पती किंवा पत्नीचं नाव, आईबापांची नावं, गाव, ग्रामपंचायत, तालुका. अनुसूचित जमातीचे की इतर पारंपरिक वननिवासी? इतर असाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवा. त्याखाली दाव्याचं स्वरूप: राहण्यासाठी किती जमीन, कसण्यासाठी किती. पुढे एक ओळ वादग्रस्त जमिनींची, आणि एक ओळ पट्टे, भाडेपट्टे, सरकारी अनुदानं काही असतील तर त्यांची. एकसालीची जागा हीच. आजोबांच्या नावाचा एकसालीचा कागद घरात टिकला असेल तर इथे तो अचानक वजनदार होतो. कमाल मर्यादा चार हेक्टर, पण प्रत्यक्षात जेवढी कसता तेवढीच.

पुराव्याचं प्रकरण तर निवांत बसून वाचावं असं आहे. नियम १३ मधली यादी लांबलचक आहे आणि त्यातले किमान दोन पुरावे जोडायचे असतात. गॅझेटियर, जनगणना, जंगलखात्याचे आराखडे, उपग्रहाची छायाचित्रं, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीच्या पावत्या. संस्थानी काळातली दप्तरंही चालतात, म्हणजे जव्हारच्या राजवटीतला एखादा कागद इथे उपयोगी पडू शकतो. जमीन सपाट केलेली, बांध घातलेले, विहीर खणलेली, हे डोळ्यांना दिसणारे पुरावे. जुनी स्मशानं, देवस्थानं. वारल्यांच्या पाड्याबाहेर वाघदेवाचा कोरलेला पाट असतो, वाघ आणि वर सूर्य-चंद्र. तो पाट किती जुना हे पाड्याला माहीत असतं, आणि कायद्याच्या लेखी तोही साक्षीदार आहे. शिवाय दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब. लिहिणं-वाचणं नसलेल्या समाजाचा पुरावा कसा असतो, हे ज्याने कोणी ही यादी लिहिली त्याला नीट ठाऊक होतं.

यातली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे दंडाची पावती. फॉरेस्टचा गार्ड यायचा, गुन्हा नोंदवायचा, अतिक्रमणाचा दंड घ्यायचा आणि पावती फाडायचा. पावतीवर नाव, गाव, कंपार्टमेंट नंबर, रक्कम, तारीख, खाली सही. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच आज मुलाचा सगळ्यात पक्का पुरावा आहे, कारण तो खात्याने स्वतःच्या हाताने दिलेला आहे: हा माणूस या तारखेला या जागी नांगरत होता. ज्याला दंड झाला त्याचं भलं झालं. ज्याच्याकडून गार्डाने पावती न देताच पैसे घेतले, किंवा कोंबडी नेली, त्याच्याकडे दाखवायला काही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडाच्या भिंतीला खोचलेल्या त्या चिठोऱ्याची किंमत आत्ता कळते. कातकऱ्यांकडे तर बहुतेक वेळा तेही नसतं. सतत हलत राहिलेल्या, कसायला जमीनच न मिळालेल्या माणसाला वाट पाहायलाही कागद लागतो.

एवढी उदार यादी असूनही दावे अडतात कुठे? काही ठिकाणी ग्रामसभेतच. सभेला निम्मे सदस्य हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. आता इथलं वर्ष कसं चालतं ते बघा. पावसाळ्यात भात, नागली, वरई, उडीद. कापणी झाली, दिवाळी उरकली की निम्मा पाडा भिवंडी, कल्याण, वसईच्या वीटभट्ट्यांवर. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको, हाताशी आलेली पोरं, सगळं कुटुंब हजार विटांच्या भावाने ती फेडतं आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. होळीला गावी येतात, तेवढीच भेट. आता जागेची पाहणी जानेवारीत लागली, तर प्लॉटवर उभं राहून ‘हा माझा बांध’ म्हणायला कोण असणार? नियम सांगतो दावेदाराला आधी कळवा. कळवतातही, नोटीस पाड्यावर येते, माणूस भट्टीवर असतो. एका तात्पुरत्या कामासाठी गेल्याने दुसरीकडचा कायमचा हक्क मागे पडतो, असं हे चक्र आहे.

मग मोजणी. जीपीएसचं यंत्र घेऊन कडेकडेने फिरायचं. उताराच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतात मधली पडीक, दगडाळ जागा धरायची की सोडायची, इथे वाद. वरकस जमिनीची रीतच अशी की नागली-वरई दोन-तीन सालं घेतली की तुकड्याला विश्रांती द्यायची. उपग्रहाने नेमकी त्या सालात छबी टिपली तर तिथे झुडपं दिसतात आणि शेरा पडतो, ‘कब्जा दिसून येत नाही’. यावर २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट उतारा दिला आहे: उपग्रहाची छायाचित्रं इतर पुराव्यांच्या जोडीला घ्या, त्यांच्या जागी नको. हा नियम अर्जदाराला माहीत असणं आणि टेबलापलीकडच्याला आठवणं, दोन्ही लागतं. त्याच दुरुस्तीने हेही सांगितलं की दावा फेटाळायचा तर कारणं लेखी द्या, आणि ती मिळाल्यापासून साठ दिवसांत वर दाद मागता येते. लेखी काही हाती आलंच नाही तर साठ दिवस कुठून मोजायचे? म्हणून दावा देताना पोच घ्या आणि ती जपा, हे इथले कार्यकर्ते सांगून सांगून थकले आहेत.

वाट पाहणाऱ्याच्या हाती या काळात काय असतं? एक भक्कम गोष्ट: कलम ४(५). दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत त्याला जमिनीवरून हलवता येत नाही. तिकडचा वाढवून मिळालेला एच-१बी तो हाच. पण हलवता येत नाही म्हणजे सगळं करता येतं असं नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज नाही. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालायचं तर सातबारा मागतात, तो नसेल तर व्यापारी देईल तो भाव. अवकाळीने पीक झोपलं तर पंचनाम्यात नाव कुठल्या गटावर लिहायचं? या सगळ्यापेक्षा मला महागात पडणारी वाटतात ती न केलेली कामं. जव्हार भागात बायफसारख्या संस्थांनी आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या, अलीकडे मोगऱ्याने कित्येक घरांचं स्थलांतर कमी केलं. पण कलम लावायचं ते पाच-सात वर्षांच्या भरवशावर. ज्याला आपण इथे राहणार की नाही हेच नक्की नाही, तो नागलीच पेरतो, जी चार महिन्यांत हाती येते. ही अडखळलेली गुंतवणूक कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

आणि धाकधूक असतेच. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढा असा आदेश राज्यांना दिला. देशभरात अकरा लाखांहून अधिक दावेदारांवर ती कुऱ्हाड होती. पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीला, न्यायालयाने स्वतःच आदेशाला स्थगिती दिली आणि फेटाळताना रीत पाळली होती का ते सांगा, असं राज्यांना विचारलं. विचारलेला प्रश्न बरोबर होता, तो पंधरा दिवस आधी विचारायला हवा होता.

महाराष्ट्रात या दाव्यांना हलवलं ते पायांनी. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत पोचला. परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून संपवला. वनजमिनीच्या दाव्यांचा निपटारा ही त्यातली मुख्य मागणी होती आणि सरकारने सहा महिन्यांची मुदत मान्य केली. सहा महिन्यांचं काय झालं ते २०२३ च्या मार्चमध्ये तीच माणसं पुन्हा चालायला लागली यावरून कळावं. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. १८ मे २०२० ला राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रात वनहक्क कायद्यात बदल केला, आणि जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करायची वाट उघडली. जव्हार आणि मोखाडा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने इथल्या फेटाळलेल्या दाव्यांना तिचा थेट उपयोग आहे.

आता पट्टा, म्हणजे दावा मंजूर झाल्याचा हक्काचा कागद, मिळाल्यावर काय, तेही पाहू. पट्टा वारशाने जातो, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. विवाहित असतील तर तो दोघांच्या नावे होतो. कित्येक घरांत बाईचं नाव जमिनीच्या कागदावर पहिल्यांदाच येतं ते इथे. आजवरच्या रोजगार हमीत ज्या पट्टेदारांकडे दुसरी जमीन नव्हती त्यांना शंभर दिवसांवर आणखी पन्नास दिवसांचं काम मागता येत होतं, आणि त्याच योजनेतून बांधबंदिस्ती, फळझाडं घेता येत होती. क्षेत्राची तक्रार मात्र सार्वत्रिक आहे: दावा एकरांचा, पट्टा गुंठ्यांचा. कमी का केलं याची कारणंही लेखी मिळायला हवीत, आणि कमी क्षेत्राविरुद्धही अपील होतं, हे पट्टा हातात आल्याच्या आनंदात बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

शेवटी उरतो सातबारा. नियम सांगतात की पट्टा दिल्यावर जास्तीत जास्त तीन महिन्यांत महसूल आणि वन खात्याच्या दप्तरी नोंद झाली पाहिजे. अनेक ठिकाणी नोंद होते ती ‘इतर हक्क’ या रकान्यात. कब्जेदाराच्या जागी नाव जंगलखात्याचंच राहतं. बँकेचा साहेब पहिला रकाना बघतो. म्हणून २०२३ च्या मोर्चातली मागणी नुसती पट्टे द्या अशी नव्हती, कसणाऱ्याचं नाव कब्जेदार सदरी लावा अशी होती. ज्यांचा दावा अजून प्रांताच्या कपाटात आहे त्यांना हा पुढचा प्रश्न वाटेल. पण पोच घेताना, मोजणीला उभं राहताना, ठरावात क्षेत्र लिहून घेताना कागद कुठल्या रकान्यापर्यंत जायचा आहे हे माहीत असलेलं बरं.